वांग एका ट्यूबने का जात नाही? समजून घ्या एकत्रित उपचार

कसबा बावडा : पंचगंगेकाठच्या उसात भांगलणीला जाणाऱ्या महिला असोत किंवा दुचाकीवरून रोज कोल्हापूर गाठणाऱ्या तरुणी, अनेकींच्या गालावर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग दिसतात. हाच वांग, वैद्यकीय भाषेत मेलास्मा. मेडिकलमधून एखादी ट्यूब आणली की तो जाईल, हा समज मात्र महागात पडू शकतो.

वांग का येतो?
त्वचेला रंग देणारे मेलॅनिन काही भागांत जास्त तयार होते. ऊन हे त्याचे मोठे कारण. गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. महिलांमध्ये प्रमाण जास्त असले तरी पुरुषही सुटत नाहीत.

एकत्रित उपचार म्हणजे काय?
१९७५ मध्ये अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि डॉ. आयझॅक विलिस यांनी तीन औषधांचे मिश्रण मांडले. त्यातले एक जरी वगळले तरी परिणाम घटत होता. आजच्या ट्रिपल क्रीमचा पाया तोच आहे. हायड्रोक्विनोन मेलॅनिन बनणे कमी करते, ट्रेटिनॉइन त्वचेच्या वरच्या पेशी लवकर बदलते आणि सौम्य स्टेरॉइड जळजळ आवरते. गरजेनुसार डॉक्टर ट्रानेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या किंवा केमिकल पील सुचवतात. लेझर सहसा शेवटी. सावळ्या त्वचेवर तो चुकला तर डाग आणखी गडद होतात.

धोका कुठे आहे?
ट्रिपल क्रीम हे औषध आहे, गोरेपणाचे क्रीम नव्हे. ते ठरावीक आठवड्यांपुरतेच असते. सुरुवातीला चेहरा उजळतो म्हणून महिनोन्महिने लावले, तर त्वचा पातळ होते, लाली आणि पुरळ येते, चेहऱ्यावर लव वाढते. थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. लेबल नसलेल्या घरगुती क्रीमचा धोका वेगळाच. अशा क्रीममधील पाऱ्यामुळे अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींची किडनी बिघडल्याचे २०२३ मध्ये समोर आले होते.

सनस्क्रीनशिवाय सारे व्यर्थ
एसपीएफ ३० किंवा जास्तीचे सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावावे. उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग वाढतो. रानात जाताना पदर किंवा स्कार्फ घ्यावाच. पण सनस्क्रीनला तो पर्याय नाही.

हे आधी डॉक्टरांना सांगा
- गर्भवती असाल, मूल हवे असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर
- पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर
- आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबची नावे. रिकाम्या ट्यूब सोबत न्या

कुठे दाखवाल?
बावड्यातील रुग्णांना कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालयाचा त्वचारोग विभाग जवळ आहे. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. वांग फिका होतो, पण ऊन लागले की परतू शकतो. त्यामुळे क्रीम थांबले तरी सनस्क्रीन थांबवू नये.