पुराच्या बातम्यांचा मेळ कसा घालावा?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर ब्रह्मपुरी, देसाईगंज व गडचिरोलीच्या नदीकाठच्या धान उत्पादकांना चांगलाच आठवत असेल. मध्यप्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सुटले, गोसीखुर्दची सर्व ३३ दारे उघडावी लागली आणि रोवणी झालेल्या बांध्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी कानावर बातम्या अनेक येतात. वरचा पाऊस, धरणाचा विसर्ग, नदीची पातळी. प्रश्न त्यांचा मेळ घालण्याचा असतो.

पहिली गोष्ट वेळेची. सकाळी ८ वाजता मोजलेली पातळी आपल्याला ११ वाजता कळली, तर वहीत ८ हीच वेळ लिहावी. ऐकल्याच्या क्रमाने नोंदी मांडल्यास चढणारे पाणी उतरते आहे असे वाटू शकते. ही चूक फार महागात पडते.

दुसरे, धरणातून सुटलेले पाणी गावी यायला तास लागतात. चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते. दोन्ही नद्यांचे लोंढे मागेपुढे आले तर खालच्या गावांना थोडी उसंत मिळते. एकाच वेळी आले तर मात्र पाणी झपाट्याने चढते. म्हणून आजच्या दोन आकड्यांची नुसती बेरीज करू नये. संगमावर एकाच वेळी पोहोचणारे पाणीच एकत्र धरावे.

भामरागडला तर बेरीजही पुरत नाही. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी मागे तुंबते, मग गावात पाऊस थांबला तरी पूर ओसरत नाही.

एखादी बातमी उशिरा आली तर? सर्व बातम्या येईपर्यंत थांबल्यास पाणी दारात येईल. हाती असलेल्या नोंदींवर अंदाज बांधावा आणि उशिराची नोंद आली की तो दुरुस्त करावा. पूर अंदाज केंद्रातील संगणकही स्वयंचलित यंत्रांच्या नोंदी साधारण याच रीतीने जुळवतात. आपल्याला वही-पेन्सिल पुरे, पण प्रशासनाने गाव सोडण्यास सांगितल्यास वही बाजूला ठेवून निघावे.

पाणी चढण्याचा संभव दिसताच नदीकाठची मोटार उचलून आणावी. गुरे उंचावर न्यावीत. युरियाचा हप्ता रोखून धरावा. पूर ओसरल्यावर बांधीतील साचलेले पाणी काढूनच तो द्यावा.