व्हिडिओ शूटिंगचा धंदा : आधी आकडा ठरवा, मग कॅमेरा घ्या

पुसद आणि परिसरातील आपल्या तरुणांना व्हिडिओ शूटिंगच्या धंद्याचे मोठे आकर्षण आहे. दिग्रस, महागाव, उमरखेड या बाजूंची खेडी धरली तर कामाला तोटा नाही. लग्न, साखरपुडा, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, दुकानाचे उद्घाटन, प्रत्येक ठिकाणी शूटिंगवाला लागतोच. तरीही दोन-तीन हंगामांतच कॅमेरा विकून दुसऱ्या कामाला लागणारे तरुण दिसतात. त्यांच्या हातात कसब नसते असे नाही. धंदा कुठे न्यायचा, हे त्यांनी ठरविलेले नसते, एवढेच खरे कारण असते.

‘मोठा स्टुडिओ काढायचा आहे’ ही इच्छा झाली. तिला उद्दिष्ट म्हणता येत नाही. उद्दिष्ट आकड्यात सांगता आले पाहिजे आणि त्याला मुदत असली पाहिजे. वर्षाला किती कामे, कोणत्या दराने, आणि घेतलेले काम किती दिवसांत ग्राहकाच्या हाती, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिलेली असतील तरच धंद्याचे नियोजन झाले असे समजावे.

आकडा कसा काढावा?

एक उदाहरण घेऊ. यातील रकमा केवळ समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातले दर घालून हिशेब करावा.

घरखर्चाला महिना १५,००० रुपये म्हणजे वर्षाला १,८०,००० रुपये. दुकानभाडे, वीज, इंटरनेट यांचे महिना ६,००० प्रमाणे ७२,०००. कॅमेरा, लेन्स, दिवे व संगणक मिळून २ लाखांचा संच घेतला आणि तो चार वर्षांत वसूल करायचा ठरविला तर वर्षाला ५०,०००. दुरुस्ती, हार्डडिस्क, बॅटऱ्या यांना २८,०००. एकूण ३,३०,००० रुपये.

आता एका लग्नाचे २०,००० रुपये मिळतात असे धरू. त्यातून मदतनीस कॅमेरामन, गाडीभाडे, अल्बम आणि पेनड्राइव्ह असे ९,००० थेट खर्च होतात. हाती राहतात ११,०००. म्हणजे वर्षाला ३० लग्ने झाली पाहिजेत. तीस हा झाला आपला आकडा. त्याच्या खाली धंदा घरातले खातो, त्याच्या वर गेला तरच वाढतो.

शेजारच्या शूटिंगवाल्याने दर पाडला म्हणून आपणही ५,००० कमी केले तर काय होते? खर्च तोच राहिला, हाती फक्त ६,००० उरले. मग तोच घरसंसार चालविण्यासाठी ५५ लग्ने हवीत. एका लग्नाला दोन दिवस शूटिंग आणि पाच दिवस एडिटिंग लागते असे धरा. तीस लग्नांना २१० दिवस लागतात. पंचावन्न लग्नांना ३८५ दिवस लागतील, आणि वर्षाचे दिवस आहेत ३६५! म्हणजे हा दर परवडत नाही एवढेच नव्हे, तर तो पाळताच येत नाही. दर पाडणारा शेवटी एडिटिंग रखडवतो, नाहीतर काम बिघडवतो. दोन्हींत नाव जाते.

दोन पंचांगांचे नियोजन

पुसदसारख्या गावात शूटिंगवाल्याला सर्व समाजांची कामे मिळतात. म्हणून त्याच्या भिंतीवर दोन पंचांगे असली पाहिजेत. हिंदू बांधवांची लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात थांबतात. अधिक महिन्यात मुहूर्त नसतात. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला महिना मोकळा. ज्याने हे आधी पाहिले तो त्या महिन्यात मागचे एडिटिंग संपवील किंवा दुसरे काम धरील. ज्याने पाहिले नाही तो हात चोळत बसेल. बौद्ध समाजात मुहूर्त पाहत नाहीत. तिथे रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशी तारखा लागतात.

आपल्या समाजात रमजानमध्ये लग्ने होत नाहीत आणि ईदनंतर एकदम गर्दी होते. परंतु इस्लामी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ही गर्दी दरवर्षी मागे सरकते. २०२६ सालची रमजान ईद मार्चमधली. २०३० साली रमजान जानेवारीत सुरू होईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा येईल. म्हणजे त्या वर्षी ईदनंतरची लग्ने फेब्रुवारीत, हिंदू लग्नसराईच्या भरात येतील. एकाच तारखेला दोन-दोन कामे येणार, तेव्हा दुसरा विश्वासू कॅमेरामन आत्तापासून तयार करावा लागेल.

पैशाचेही पंचांग असते. आपला भाग कापूस, सोयाबीनचा. सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास निघते, कापूस त्यानंतर घरात येतो, तेव्हा गिऱ्हाइकाच्या हाती पैसा खेळतो. पावसाळ्यात पैसा पेरणीत गुंतलेला असतो. त्या दिवसांत राहिलेली बाकी मागणे अवघड जाते, म्हणून ती बाकी राहूच देऊ नये.

रिकाम्या महिन्यांना काम

पावसाळ्याचे चार महिने बसून खाल्ले तर हंगामाची कमाई संपते. लग्नाबाहेरची कामे जुलैआधीच शोधून ठेवावीत. १ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो. त्यांचे जन्मगाव गहुली पुसद तालुक्यातच आहे. त्या सुमारास शेतीविषयक कार्यक्रम असतात. बी-बियाण्यांच्या दुकानदारांना शेतकऱ्यांच्या अनुभवाच्या छोट्या फिती लागतात. शिकवणी वर्ग, दवाखाने, कापड दुकाने यांना महिन्याला ठरावीक संख्येने मोबाइलवरच्या जाहिराती हव्या असतात. बंजारा गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आवडीने पाहिले जातात, त्यांचे कलाकार आपल्याच परिसरात आहेत.

आणखी एक काम घराघरांत पडून आहे. जुन्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी! जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनविणे थांबविले, तिच्यानंतर कोणी बनवीत नाही. आज चालू असलेली यंत्रेही एकेक करून बंद पडतील. चांगल्या स्थितीतील एक व्हीसीआर मिळवून या कॅसेटी संगणकात उतरवून दिल्या तर ग्राहक दुवा देईल आणि दामही देईल.

व्हीसीआरची ही गोष्ट आपल्यालाही धडा देते. आजचा कॅमेराही असाच जुना होणार आहे. म्हणून जो संच चार वर्षांत वसूल होत नाही, तो कितीही सुंदर असला तरी विकत घेऊ नये. वर्षातून पाच-सहा वेळा लागणारी वस्तू भाड्याने आणावी.

मालेगावचे उदाहरण

या बाबतीत मालेगावकडे पाहावे. तिथे शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट सुमारे ५० हजार रुपयांत काढला. पुढे फैजा अहमद खान यांनी तिथल्या कलावंतांवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. लोक या कथेत हौस पाहतात. धंदेवाइकाने त्यातील नियोजन पाहावे. नासिर यांचे स्वतःचे व्हिडिओ पार्लर होते. माल कुठे खपणार, हे आधीच माहीत होते. शुक्रवारी यंत्रमागांना सुट्टी आणि कामगारांना सिनेमाचे वेड, म्हणजे प्रेक्षक ठाऊक होता. महागडी यंत्रे नव्हती, तर सायकल आणि बैलगाडीवरून कॅमेरा फिरविला. आधी बाजार ओळखला, मग हाती होते त्यात भागविले. आपल्याकडे नेमका याच्या उलटा क्रम चालतो : आधी कर्ज, मग कॅमेरा आणि शेवटी ग्राहकाचा शोध.

भांडवल आणि भागीदारी

सरकारच्या मुद्रा योजनेत लहान धंद्यांना कर्ज मिळते. ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर विनामूल्य होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी मुदारबतचा मार्ग विचारात घ्यावा. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्याची वाटणी आधी ठरलेल्या प्रमाणात. तोटा झाला तर भांडवलवाल्याचे भांडवल आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते. मात्र नातेवाईक असला तरी करार लिहून घ्यावा. देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सूरह बकराहमध्येच आहे. कॅमेरा कोणाच्या नावावर, भागीदारी मोडली तर तो कोणाकडे, हे कागदावर असावे.

सचोटीचे नियम

ग्राहकाशी व्यवहारही लिखित हवा. तारीख पक्की करताना तीस टक्के इसार, कार्यक्रमाच्या दिवशी पन्नास टक्के आणि फिल्म हाती देताना वीस टक्के, अशी वाटणी सोयीची पडते. पावतीवर फिल्म देण्याची तारीख घालावी आणि ती पाळावी. शूटिंगचा माल दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरविल्याशिवाय कार्ड पुसू नये. निकाह पुन्हा होत नाही.

पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा मालक, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याप्रमाणे ग्राहक असतो. म्हणून कोणाच्या लग्नाची दृश्ये आपल्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. महिलांच्या बाजूच्या शूटिंगसाठी महिला कॅमेरावालीला मोठी मागणी आहे. घरातल्या बहिणीला, मुलीला हे काम शिकविले तर दोन कमावते हात तयार होतात आणि ग्राहकाच्या घरातील परदाही सांभाळला जातो. ड्रोन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी आवश्यक आहे आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडविण्यास रिमोट पायलटचे प्रमाणपत्रही लागते.

वहीचे चार पाने

शेवटी करायचे काम थोडेच आहे. एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर वर्षाचा आकडा लिहा, किती कामे आणि कोणत्या दराने. दुसऱ्या पानावर बारा महिन्यांच्या तारखा, दोन्ही पंचांगे पाहून. तिसऱ्या पानावर हाती असलेले प्रत्येक काम, ते देण्याची तारीख आणि येणे बाकी. चौथ्या पानावर कॅमेऱ्याच्या वसुलीसाठी दर कामातून बाजूला काढलेली रक्कम. दर शुक्रवारी अर्धा तास काढून ही पाने तपासा. तीन महिन्यांनी आकडा मागे पडलेला दिसला तर दर, खर्च किंवा कामाचा प्रकार यांपैकी काय बदलायचे ते तेव्हाच ठरवा, वर्ष संपण्याची वाट पाहू नका.

कॅमेरा आज कोणीही घेऊ शकतो. सांगितलेल्या दिवशी सांगितलेले काम हाती देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. पुसदच्या बाजारात तसे नाव कमावले की ग्राहक दर विचारण्याआधी तारीख विचारील.