अप्रिय वाणी आणि विद्यापीठ

विद्यापीठातील वादविवादात सभ्यतेचे स्थान कोणते, हा प्रश्न अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने २०१४ साली नेमलेल्या समितीपुढे होता. विधिशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री स्टोन हे तिचे अध्यक्ष होते. परस्पर आदराचे महत्त्व समितीने मान्य केले. परंतु असभ्यतेचे कारण पुढे करून विचारांची चर्चा बंद पाडता येणार नाही, असा निर्वाळा दिला. बदनामी, धमकी, छळ इत्यादी अपवाद तेवढे ठेवले. हा नियम झाला संस्थेसाठी. बोलणाऱ्याने स्वतः काय करावे?

या प्रश्नाचा मूलगामी विचार मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात आढळतो. तथागत इतरांना अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असा दुहेरी पेचाचा प्रश्न निगण्ठ नातपुत्तांनी अभय राजकुमाराला शिकवून पाठविले. 'होय' म्हटले तर सामान्य जनांहून ते वेगळे कसे? 'नाही' म्हटले तर देवदत्ताविषयीचे कठोर उद्गार होतेच! भगवंतांनी एका शब्दात उत्तर दिले नाही. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. त्याने तोंडात काटकी वा खडा घातला तर काय कराल, असे त्यांनी विचारले. रक्त आले तरी तो काढीन, कारण मला त्याची करुणा आहे, असे अभय म्हणाला. त्याचप्रमाणे जे सत्य व हितकर आहे ते अप्रिय असले तरी तथागत योग्य काळ जाणून बोलतात. असत्य अथवा अहितकर ते प्रिय असूनही बोलत नाहीत.

सम्यक वाचा म्हणजे केवळ गोड बोलणे, हा रूढ समज येथे टिकत नाही. मात्र ही कसोटी वक्त्याने स्वतःला लावावयाची आहे. प्राचार्यांनी तिचा परवानगीचा नियम केला, तर हितकर काय हे अधिकारपदच ठरवू लागेल. विचारांचा असा निवाडा संस्थेने नव्हे, व्यक्तींनी करावयाचा आहे, असे शिकागोच्या समितीनेही म्हटले आहे.