विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. बदलीच्या नोकरीतला मनुष्य ट्रंक आणि वळकटी घेऊन निघाला, की ती हटकून आठवते. पण हे बिऱ्हाड म्हणजे नेमके काय, ते किती दिवस पाठीवर असते आणि खाली उतरल्यावर त्याचे पुढे काय होते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. विंचू दिसला की हात वहाणेकडे जातो. चौकशीला सवड उरतेच कुठे?

युरोप-अमेरिकेतील काही हौशी मंडळी मात्र विंचू घरी पाळतात. त्यांचा विशेष आवडता म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या भागांतला ‘सम्राट विंचू’. काळाकुळकुळीत, लांबीला २० सेंटिमीटरपर्यंत जाणारा, दिसायला भयंकर. पण विष मात्र बेताचे. काचेच्या पेटीत जाड मातीचा थर, आडोशाला झाडाची साल, उथळ ताटलीत पाणी, पावसाळी रानासारखा दमटपणा आणि ऊब एवढे दिले, की त्याचा संसार चालतो. अशा पेट्यांतून आणि प्रयोगशाळांतून विंचवाच्या खाण्यापिण्याची, वाढीची व आयुष्याची जी माहिती जमली आहे, तिचा थोडक्यात परामर्श आपण येथे घेऊ.

प्रथम आहार पाहू. विंचू हा कीटक नव्हे. आठ पायांचा असल्यामुळे तो कोळ्याचा भाऊबंद ठरतो. डोळे असूनही शिकारीसाठी तो त्यांच्यावर फारसा विसंबत नाही. चिमट्यांवरील बारीक केसांना हवेची झुळूक कळते आणि पायांना जमिनीचा कंप कळतो. रातकिडा किंवा झुरळ टप्प्यात आले, की चिमटा मिटतो. सम्राट विंचवासारखा दणकट चिमट्यांचा प्राणी मोठा झाल्यावर नांगी क्वचितच वापरतो. भक्ष्य चिमट्यातच चिरडतो. पुढे जेवण सावकाश चालते. विंचवाला घास गिळता येत नाही. तोंडाजवळच्या लहान जबड्यांनी तो भक्ष्य कुस्करतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेला भाग शोषून घेतो. उरलेला चोथा टाकून देतो. एका जेवणाला कित्येक तास लागतात.

असे जेवण पुन्हा केव्हा लागते? नव्या हौशी माणसाची चूक येथेच होते. आपल्याला दोन वेळा जेवायची सवय. म्हणून तो विंचवालाही रोज किडे टाकतो. वास्तविक पूर्ण वाढलेल्या विंचवाला आठवड्यातून एक-दोन रातकिडे पुरतात. काही जाती तर अन्नावाचून सहा महिने, प्रसंगी वर्षभरही तग धरतात. एवढ्याच आकाराच्या किड्याच्या मानाने विंचवाच्या शरीराचा खर्च फार थोडा असतो. बहुतेक वेळ तो बिळात निश्चल बसून काढतो. मिळेल तेव्हा भरपूर खातो, शरीरात साठवतो आणि ती शिदोरी जपून वापरतो. पाण्याची गरजही तो बरीचशी भक्ष्याच्या रसातूनच भागवतो. काटकसर हाच त्याच्या जीवनाचा पाया होय.

आता बिऱ्हाडाकडे वळू. विंचू अंडी घालीत नाही. मादी जिवंत पिलांना जन्म देते. गर्भ कित्येक महिने पोटात वाढतो आणि मोठ्या जातींत हा काळ वर्षाच्या घरातही जातो. जन्मलेली पिले पांढरी, मऊ व दुबळी असतात. ती आईच्या पायांवरून चढून पाठीवर जाऊन बसतात. आपल्याकडे खेडोपाडी असे सांगतात, की ही पिले आईची पाठ पोखरून तिला खातात. हा आईवर नव्हे, पिलांवर अन्याय आहे! त्या दिवसांत ती काहीच खात नाहीत. जन्मतःच अंगात असलेल्या पोषणावर जगतात. उलट फार छेडली गेली किंवा उपाशी राहिली तर आईच एखादे पिलू खाऊन टाकते. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी पिले पहिली कात टाकतात, अंगाला रंग व कठीणपणा येतो आणि मग ती खाली उतरतात. बहुतेक जातींत येथे नाते संपते. सम्राट विंचवाची पिले मात्र पुढेही बराच काळ आईच्याच बिळात राहतात.

विंचवाची हाडे म्हणजे त्याचे बाहेरचे कवच. ते ताणत नाही. म्हणून वाढायचे तर जुने कवच सोडलेच पाहिजे. पूर्ण वाढ होईपर्यंत विंचू साधारण पाच ते सात वेळा कात टाकतो. वेळ जवळ आली की तो खाणे सोडतो व सुस्त पडतो. कवच पुढच्या कडेला फाटते आणि त्यातून तो एकेक पाय, चिमटे, शेपूट सोडवीत बाहेर येतो. त्या वेळी हवा कोरडी असली तर अंग कातीत अडकून तो मरतो. पेटीत जिवंत रातकिडा राहिला, तर तोही त्या मऊ अंगाला चावतो. शिकाऱ्यावर शिकार उलटते ती अशी. शेवटची कात टाकली की वाढ थांबते, आणि त्यानंतर तुटलेला पाय पुन्हा येत नाही.

या काटकसरीचे फळ दीर्घायुष्य हे आहे. झुरळ किंवा रातकिडा महिन्यांच्या हिशेबाने जगतो. लहान विंचूदेखील तीन-चार वर्षे काढतात. सम्राट विंचू पेटीत सहा ते आठ वर्षे जगतो, तर अमेरिकेच्या वाळवंटातील एक मोठी केसाळ जात पंधरा-वीस वर्षेही जगते.

परंतु सावकाश वाढणाऱ्याची तूटही सावकाशच भरून येते. वयात यायला वर्षे लागतात, गर्भाला महिने लागतात आणि एका वेळी पिले विसा-तिसांच्या आसपासच होतात. अशा प्राण्याला रानातून पोत्यांनी उचलून विकले, तर रान ते पुन्हा कधी भरणार? याच काळजीने १९९५ साली सम्राट विंचवाचा व्यापार ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांखाली आणला गेला. शिवाय पकडून आणलेल्या मोठ्या विंचवाचे वय सांगता येत नाही. विकत घेणाराला त्याच्या आयुष्याचे फक्त शेवटचे पान हाती लागलेले असू शकते.

हे वाचून कोणी आपल्या अंगणातला विंचू बरणीत घालू नये, ही आमची हात जोडून विनंती. जाड चिमट्यांची काळी इंगळी त्या मानाने सौम्य. पण कोकणात व देशावर आढळणारा बारीक चिमट्यांचा तांबडा विंचू हा जगातील अत्यंत विषारी विंचवांपैकी एक आहे. त्याच्या दंशाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. लहान मुलांना धोका अधिक. पश्चिम भारतात अशा गंभीर रुग्णांपैकी एकेकाळी शंभरात २५-३० दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखविले आणि हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. मात्र औषध उपयोगी पडते ते वेळेवर पोचणाऱ्याला. मांत्रिकाच्या ओट्यावर घालवलेला तास परत मिळत नाही.

म्हणून वहाणा झटकून घालाव्यात, सरपणात व विटांच्या ढिगात उघडा हात घालू नये, रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन चालावे आणि दंश झाल्यास तडक दवाखाना गाठावा. एवढे सांभाळले, तर बांधावरच्या दगडाखाली पाठीवर बिऱ्हाड घेऊन बसलेली ती आई आपल्या वाटेला जाणार नाही. आपणही तिच्या वाटेला जाऊ नये. ते बिऱ्हाड उभे करायला तिला वर्षे लागलेली असतात.