दम आधी परततो, टाच मागे राहते

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटर धावायला निघालेल्या माणसाचा सराव येतो तो नेमका पावसाळा ते थंडी या काळात. मधे गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नं आणि कुठेतरी डेंग्यू किंवा चिकुनगुन्या. पंचेचाळिशी उलटलेली असेल तर आईवडिलांचं आजारपण आणि मुलांची बारावीही आलीच. इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं सोळा आठवड्यांचं वेळापत्रक यातल्या कशाचीच दखल घेत नाही. प्रत्येक चौकोनात एक आकडा ठरलेला. खाडा पडला तर काय करायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि खाडा पडतोच. बॅरी स्मिथ आणि डब्लिनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली स्ट्राव्हा या ॲपवरच्या सुमारे ३ लाख मॅरेथॉन धावपटूंच्या नोंदी तपासल्या. शर्यतीपर्यंत पोचलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांच्या सरावात सहा दिवसांपर्यंतचे खंड होते. खंड सात दिवसांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर त्याच माणसाची वेळ ५ ते ८ टक्क्यांनी वाढत होती. पाच तासांत मॅरेथॉन संपवू पाहणाऱ्याला हे पंधरा ते चोवीस मिनिटांना पडतं. चुटपुट लावणारं नुकसान आहे, पण शर्यतच सोडून द्यावी एवढं नाही. खरी गडबड होते ती खाडा संपल्यावर.

ती का होते हे कळायला आधी खाड्यात नेमकं काय जातं ते पाहावं लागतं. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड कॉइल यांनी १९८४ साली वर्षानुवर्षं सराव केलेल्या सात जणांना ८४ दिवस व्यायाम पूर्ण बंद करायला लावला. शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता, म्हणजे धावणाऱ्यांच्या तोंडी असलेला ‘व्हीओटू मॅक्स’, पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी उतरला. ५६ दिवसांनी घट १६ टक्क्यांवर गेली आणि तिथेच थांबली. स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं मात्र ८४ दिवसांनंतरही जवळपास तसंच होतं.

सुरुवातीच्या घसरगुंडीचं कारण दोन वर्षांनी आणखी स्पष्ट झालं. सराव थांबला की दोन ते चार आठवड्यांत शरीरातलं रक्तच ९ टक्क्यांच्या आसपास कमी होतं. त्यातही मुख्यतः रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळून उरणारा पातळ भाग. रक्त कमी म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारा घोटही लहान. कॉइल यांच्या गटाने सराव थांबवलेल्यांना शिरेतून द्रव देऊन रक्ताचं आकारमान पूर्ववत केलं, तेव्हा हृदयाची कामगिरी जवळजवळ सरावाच्या दिवसांइतकी झाली. तीन आठवड्यांनी परत धावायला गेल्यावर पहिल्याच किलोमीटरला धाप लागते, ‘सगळं गेलं’ असं वाटतं, तेव्हा गेलेलं असतं ते बरंचसं पाणी.

एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. कॉइल यांची माणसं मुरलेली होती. ज्याने गेल्या जूनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा बूट बांधले, त्याची कमाई नवी असते आणि नवी कमाई जातेही लवकर. महिनाभराच्या पूर्ण खाड्यात ती जवळपास सगळी जाऊ शकते. पण रक्तद्रव पुन्हा वाढायला काही दिवस पुरतात. दोन-तीन आठवडे नियमित धावलं की श्वास ताळ्यावर येतो, घड्याळातले ठोके खाली येतात आणि माणूस म्हणतो, जमलं!

नेमका हाच मुक्काम धोक्याचा आहे.

ठाण्यातले आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, वय अठ्ठेचाळीस, बँकेत नोकरी. सप्टेंबरात डेंग्यू झाला, अशक्तपणात तीन आठवडे गेले. ऑक्टोबरच्या मध्यावर येऊरचा चढ न थांबता चढता यायला लागला. धावण्याच्या ग्रुपच्या तक्त्यात त्या रविवारी चोवीस किलोमीटर होते. यांनी चोवीस पुरे केले. आदल्या रविवारी ते चौदा धावले होते. सोमवारी सकाळी पलंगावरून उतरून पाय टेकवला आणि टाचेच्या वर, जिथे बोटांच्या चिमटीत जाड दोरी लागते तिथे, कळ आली. फिजिओकडे गेल्यावर ते दम किती सुधारला हेच सांगत बसले. ती मुलगी ऐकून घेत म्हणाली, “काका, दमाचं राहू द्या. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं कशी पडतात ते सांगा.”

तिने विचारलं ते बरोबर होतं, कारण ही दोरी, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा अकिलिस टेंडन, हृदयाच्या वेळापत्रकावर चालत नाही. त्याचं वय किती, हे शोधायला शास्त्रज्ञांना अणुबॉम्बची मदत झाली. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ जवळपास दुप्पट झालं आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरत गेलं. ते वनस्पतींत गेलं, अन्नात आलं, अन्नातून आपल्या ऊतींमध्ये. एखादी ऊती कुठल्या वर्षी घडली, हे तिच्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. कोपनहेगनच्या कात्या हाइनमायर, मिखाएल क्येर आणि सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींचे अकिलिस टेंडन घेऊन २०१३ साली हेच केलं. स्नायूंमधला कार्बन अलीकडचा निघाला, कारण स्नायू सतत नवे होत असतात. टेंडनच्या गाभ्यातला कार्बन मात्र त्या माणसाच्या पौगंडावस्थेतला होता. साधारण सतराव्या वर्षापर्यंत गाभा घडतो आणि त्यानंतर जवळपास बदलत नाही.

म्हणजे आमचे बँकवाले गृहस्थ ज्या टेंडनवर येऊर चढत होते, त्याचा गाभा ते बारावीत असतानाचा होता. तीस वर्षं खुर्चीत बसून काढलेला.

याचा अर्थ टेंडन मेलेला आहे असा नाही. ताण पडला की त्याच्यातल्या पेशी जाग्या होतात आणि कोलॅजन हे प्रथिन तयार करू लागतात. फक्त त्यांचा वेग वेगळा. दमदार व्यायामानंतरचा पहिला दीड दिवस जुनं कोलॅजन मोडण्याचा वेग नवं घडण्यापेक्षा जास्त असतो. बेरीज जमेकडे झुकते ती त्यानंतर. त्यामुळे शनिवारी वेगाचा सराव आणि रविवारी लाँग रन ही जोडी विशीतल्या मुलाला पचेल. परत येणाऱ्या प्रौढाने तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

टेंडनवरच्या सर्वांत परिचित उपायामागची हकीकतही मोठी गमतीची आहे. स्वीडनमधले अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन स्वतः धावत असत आणि त्यांची टाच दुखत असे. शस्त्रक्रिया करा म्हणून ते वरिष्ठांकडे गेले, तर वरिष्ठांनी नकार दिला. चिडून त्यांनी दुखऱ्या टेंडनला मुद्दाम ताण द्यायचं ठरवलं: बिघडला की शस्त्रक्रिया करावीच लागेल! टेंडन बिघडायच्या ऐवजी बरा झाला. १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी खेळाडूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय चव्वेचाळीस होतं आणि बारा आठवड्यांनी सगळे पुन्हा धावू लागले होते.

व्यायाम अगदी घरगुती आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकवायचे, कठडा धरायचा, दोन्ही पायांनी वर उचलायचं आणि दुखऱ्या एका पायावर टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा किंचित वाकवून. पंधराचे तीन तीन फेरे, सकाळ-संध्याकाळ. पाचव्या-सहाव्या वेळेला पोटरी थरथरायला लागते. आमचे गृहस्थ लिफ्टशेजारच्या जिन्यावर हे करत, तेव्हा येणारेजाणारे ‘काही हरवलंय का’ म्हणून विचारत. हल्ली फिजिओ याचे अनेक प्रकार देतात आणि टाचेच्या हाडालगतच दुखत असेल तर पायरीखाली उतरू देत नाहीत, तेव्हा दाखवूनच सुरुवात करावी.

हाडाची गोष्ट आणखी वेगळी. सरावाचा भार वाढला की हाड स्वतःला मजबूत करतं, पण आधी ते खोदलं जातं. जुना भाग खाणाऱ्या पेशींचं काम तीनेक आठवड्यांत उरकतं आणि ती जागा भरून काढणाऱ्या पेशींना तीनेक महिने लागतात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना याहून अधिक समजावून सांगायला नको. खोदकाम झालं आहे आणि भराव पडलेला नाही, अशा अवस्थेत भार वाढत राहिला तर नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. रजोनिवृत्तीच्या आगेमागे असलेल्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन कमी होत असतं आणि भराव आणखी मागे पडतो. त्यांनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम धावण्याइतकाच पक्का धरावा. नडगीवर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल आणि धावताना ते वाढतच जात असेल, तर मलम चोळत बसू नये, डॉक्टरला दाखवावं.

मग भार वाढवायचा तरी किती? ‘आठवड्याला दहा टक्के’ हा नियम प्रत्येक ग्रुपमध्ये ऐकू येतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे २००८ साली ५३२ नवशिक्यांवर त्याची परीक्षा झाली. नियम पाळणाऱ्यांत आणि न पाळणाऱ्यांत दुखापतीचं प्रमाण सारखंच निघालं, दोन्हीकडे २० टक्क्यांच्या आसपास. २०२५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी मांडल्या, त्यांतून निराळंच चित्र दिसलं. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकच लांब धाव महत्त्वाची ठरत होती. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव १० ते ३० टक्क्यांनी वाढली, तर दुखापतीचा धोका ६४ टक्क्यांनी जास्त. दुपटीच्या पुढे गेली तर तोही दुपटीच्या पुढे.

हा तीस दिवसांचा आरसा खाडा पडलेल्याच्या फार कामाचा आहे. डेंग्यूआधी काय धावलो होतो हा आकडा त्यात येतच नाही. गेल्या महिन्यात सर्वांत लांब धाव चौदाची असेल, तर या रविवारी पंधरा. तक्ता चोवीस म्हणो की चाळीस. माझं मत विचाराल तर ग्रुपमधल्या मेसेजचा आवाज त्या तीन-चार आठवड्यांपुरता बंद ठेवावा. बत्तीस किलोमीटरचे फोटो पाहून विवेक शाबूत ठेवणारी माणसं फार थोडी.

तापाबद्दलही सांगायला हवं. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतात, म्हणून अंगात ताप असताना किंवा तो उतरताक्षणी धावणं हा शूरपणा नव्हे. चाळिशीनंतर पहिली मॅरेथॉन धावणाऱ्याने डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर नक्कीच. धोका किती, याचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख सहभागींत ५९ जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं. प्रमाण अगदी कमी आहे, पण त्यांत पुरुष जास्त होते आणि हाफपेक्षा फुल मॅरेथॉनमध्ये धोका जास्त होता.

“या वयात गुडघे कशाला झिजवतोस?” असं विचारणारी एक तरी मावशी प्रत्येक घरात असते. तिच्यासाठी लंडनमधली दोन उत्तरं. पहिल्या मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेल्या ८२ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय सरावाआधी आणि शर्यतीनंतर काढले गेले. सरासरी वय चव्वेचाळीस. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधल्या मुख्य सांध्यात आधीपासून असलेली हानी काही जणांत चक्क कमी झाली होती. वाटीच्या मागच्या कूर्चेवर मात्र परिणाम वाईट होता, हेही मावशीला सांगायला हवं. दुसरा अभ्यास २०२० सालचा, १३८ नवख्यांचा. सहा महिन्यांच्या सरावाने त्यांची महाधमनी जणू चार वर्षांनी तरुण झाली आणि वरचा रक्तदाब सरासरी चार अंकांनी उतरला. सर्वांत जास्त फायदा झाला तो वयाने मोठ्या आणि सावकाश धावणाऱ्यांना.

शर्यतीच्या दिवशी सावकाशपणाचा हिशेब साधा असतो. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी सुमारे २,९५० लागणार आणि स्नायू व यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून मिळणार साधारण २,०००. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून यायला हवं. वेग जितका जास्त, तितकं ग्लायकोजेन लवकर संपतं. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय शिशाचे होतात ते यामुळे. पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून पोट तुडुंब भरणंही चूक. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम घटलेलं आढळलं आणि त्याचा ठळक संबंध जास्त पाणी पिऊन वजन वाढण्याशी होता. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं. तहानेप्रमाणे घोट घोट घ्यावं, सोबत मीठ असलेलं काहीतरी पोटात जाऊ द्यावं. खाडा पडलेल्याने आपल्या मूळ वेळेत खाड्यामुळे वाढणारी ती पंधरा-वीस मिनिटं सुरुवातीच्या रेषेवरच मिळवून टाकावीत आणि पहिले दहा किलोमीटर त्याच संथ हिशेबाने धावावेत. परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षं मुंबईकर धावपटूंच्या धास्तीचा विषय आहे. तो झपाझप चालत चढला तर दोन-तीन मिनिटं जातात, आणि तेवढी सवड त्या हिशेबात आधीच धरलेली असते.