पिनकोड ४०००७४ : माहुलच्या पत्त्यातलं गणित

माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या पत्त्यात येणारा हा सहा अंकी आकडा नुसता संख्या म्हणून तपासला, तर काय दिसतं?

• मूळ अवयव : २ × ३ × १३१ × ५०९. एकूण विभाजक १६.

• कसोटी : अंकांची बेरीज १५. म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही.

• कापरेकर क्रिया : अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करायची. ७४४००० − ०००४४७ = ७४३५५३. हेच पुन्हा केलं की ४२०८७६. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६! सात संख्यांच्या या रिंगणातून सुटका नाही.

• नऊची पट : दोन्ही मांडण्यांत अंक तेच, त्यामुळे ९ ने भागून उरणारी बाकीही तीच. साहजिकच प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग जातो.

• जनक : डहाणूत जन्मलेले, देवळालीत शिक्षकी केलेले द. रा. कापरेकर (१९०५–१९८६). चार अंकी संख्यांसाठी ६१७४ हा त्यांचा स्थिरांक, म्हणजे या क्रियेतून पुन्हा स्वतःच मिळणारी संख्या, प्रसिद्ध आहे. सहा अंकांत, शून्य सोडल्यास, असे दोन : ५४९९४५ आणि ६३१७६४. माहुलचा पिनकोड यांपैकी एकाकडेही पोहोचत नाही.