वाढदिवसाला लॅम्बोर्गिनी, अकरा मिनिटं

खानापूर तालुक्यातल्या भाळवणीत २०२३ मध्ये बैलगाडा शर्यत भरली, तेव्हा पहिल्या क्रमांकाचं बक्षीस होतं थार गाडी. बैल जिंकले की मालकाच्या दारात इंजिन उभं राहतं, अशा मुलखाला वेगाचा नाद काय असतो ते सांगावं लागत नाही. हा नाद कायद्याच्या चौकटीत बसायला किती वेळ लागतो, हेही सातारा-सांगलीने पाहिलं आहे. २०१४ मध्ये बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची अंतरिम परवानगी आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाचा निकाल. परवानगी मिळाली ती आखलेल्या धावपट्टीवर, नियम पाळून होणाऱ्या शर्यतीला.

मोटारीच्या वेगालाही अशी आखलेली जागा असते आणि ती आता भेट म्हणून देता येते. सुपरकार विकत घेणं कोट्यवधींचं काम, पण रेसिंग ट्रॅकवर ती काही फेऱ्यांपुरती चालवायला मिळते. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, शेजारी प्रशिक्षक बसतो आणि ठरलेल्या फेऱ्या मारायच्या. नवऱ्याच्या चाळिशीला, भावाच्या लग्नाआधी, वडिलांच्या साठीला अशी भेट देण्याची हौस आपल्याकडेही येऊ लागली आहे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण या हौसेत मोल नेमकं कशाचं मोजतो ते पाहायलाच हवं. बहुतेक जण गाडीचं नाव बघून भेट निवडतात. बघायचं असतं स्टिअरिंगमागे किती वेळ मिळणार आणि शेजारी कोण बसणार ते.

हायवेवर का नको?

घरात गाडी आहे, पुणे-बंगळूर महामार्ग दारात आहे, मग ट्रॅकपर्यंत जायचं कशाला, असा प्रश्न कुणीतरी विचारतोच. पहिलं उत्तर कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावली किंवा वेगाची चाचणी घेतली, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास कैद वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत जातो. अल्पवयीन मुलाच्या हाती चावी दिली तर कलम १९९-अ पालकाला गाठतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्यानंतर हे कलम घराघरांत माहीत झालं.

दुसरं उत्तर खुद्द गाडीचं. सुपरकार जमिनीला जवळजवळ चिकटून चालते. गावातला एक गतिरोधक तिच्या पोटाला पुरतो. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं की पुढे उसाचे ट्रॅक्टर आणि मागे एसटी. यवतेश्वराच्या घाटातून कासकडे जाताना समोर पर्यटकांची रांग. सहाशे अश्वशक्तीतली पन्नास वापरायलाही तिथे जागा नाही. उरलेल्या साडेपाचशे काय करतात, हे पाहायला ट्रॅकच हवा.

फेऱ्यांचा हिशेब

आता जाहिरातीकडे येऊ. त्यात लिहिलेलं असतं, ‘सुपरकार, चार फेऱ्या’. ऐकायला भरपूर वाटतं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट धरा. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणं १६. इथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. २०११ च्या शर्यतीत त्याची सर्वांत वेगवान फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांची होती, म्हणजे वळणांसकट सरासरी ताशी २११ किलोमीटर. नवखा माणूस प्रशिक्षकाच्या सूचना ऐकत ताशी ११०ची सरासरी राखू शकला तरी पुष्कळ. त्या हिशेबाने एका फेरीला पावणेतीन मिनिटांहून थोडं अधिक लागतं. चार फेऱ्यांना अकरा मिनिटं.

तीही सगळी हाती लागत नाहीत. पहिली फेरी ओळखीची असते. टायर तापवायचे, वळणं पाहून घ्यायची. शेवटची फेरी ब्रेक थंड करण्यासाठी हळू मारतात. मधल्या दोन फेऱ्यांत, साडेपाच मिनिटांत, ज्यासाठी पैसे भरले ते घडतं. म्हणून एकूण पैशांना स्टिअरिंगमागच्या मिनिटांनी भागून पाहावं. नाव मोठं आणि मिनिटं थोडी, अशी योजना या भागाकारात लगेच उघडी पडते. त्यापेक्षा साधी स्पोर्ट्‌स कार, छोटा ट्रॅक आणि दहा-बारा फेऱ्या मिळत असतील, तर घेणाऱ्याच्या पदरात जास्त पडतं. एकच वळण दहा वेळा आलं तरच ते जमायला लागतं.

खरी करामत ब्रेकची

ट्रॅकवर पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, मजा अॅक्सिलरेटरमध्ये आहे. परतताना तो बोलतो ब्रेकबद्दल. कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. कोरडा ट्रॅक आणि उत्तम टायर असतील तर ताशी १०० वरून थांबायला साधारण ४० मीटर लागतात, ताशी २०० वरून १६०. बुद्धवरची मागची सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्या टोकाला काटकोनाहून तीव्र वळण. तिथे ब्रेक नेमका कधी आणि किती दाबायचा, हे सांगायलाच शेजारी माणूस बसलेला असतो.

घाटात आपण वळणात शिरतो आणि मग ब्रेकवर पाय ठेवतो. खंबाटकी उतरणाऱ्या गाड्यांचे मागचे लाल दिवे पाहिले की ही सवय दिसते. ट्रॅकवर ती पहिल्यांदा मोडावी लागते. गाडी सरळ असतानाच ब्रेक पूर्ण करायचा, मग वळायचं आणि तोंड सरळ होऊ लागलं की हळूहळू अॅक्सिलरेटर. वळणाच्या बाहेरच्या कडेने शिरायचं, मध्यावर आतल्या कडेला भिडायचं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचं. यामुळे वळण जितकं सौम्य करता येतं तितकं होतं. नजर बॉनेटवर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवायची, कारण हात नजरेमागे जातात.

सुपरकारमध्ये आणखी एक पेच असतो. लॅम्बोर्गिनी हुराकानसारख्या गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलेलं असतं. वजन मधोमध आल्याने गाडी चटकन वळते. मात्र भर वळणात घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडला तर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरू शकते. आधुनिक गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बरंच सावरून घेतं, पण भौतिकशास्त्र बंद करायचं बटण कुठल्याच गाडीत नाही.

जवळचे आणि दूरचे ट्रॅक

सातारा-सांगलीकरांसाठी सर्वांत जवळचं ठिकाण सुपरकारचं नाही, कार्टिंगचं आहे. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. सांगलीहून हे अंतर तासा-दीड तासाचं. कार्ट म्हणजे खेळणं, असा समज असेल तर तो पहिल्याच वळणावर उतरतो. तिला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल नसतं, बूड जमिनीपासून बोटभर वर असतं. त्यामुळे प्रत्येक चूक पाठीच्या कण्यापर्यंत कळते. फॉर्म्युला वनचे सेना, शूमाकर, हॅमिल्टन, व्हर्स्टापेन हे सगळे कार्टिंगमधूनच वर आले.

मोठ्या ट्रॅकसाठी दक्षिणेकडे पाहावं लागतं. साताऱ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे बंगळूरमार्गे चेन्नईला पोचतो आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यात, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. लांबी ३.७१७ किलोमीटर. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्याहून लहान, दोन किलोमीटरच्या थोडा वर. रेसिंग गाड्या घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलं आहे. १९९५ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले. कोइमतूरच्याच नारायण कार्तिकेयनने २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पहिला भारतीय चालक होण्याचा मान मिळवला.

बुद्ध सर्किटला जायचं तर मिरज आणि साताऱ्यावरून जाणारी गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला सोडते. पण तिकीट काढण्याआधी तारीख पक्की करा. आपल्याकडे या ट्रॅकवर गाड्या वर्षभर उभ्या नसतात. कंपन्या किंवा आयोजक काही दिवसांसाठी ट्रॅक भाड्याने घेतात. मर्सिडीजची एएमजी ड्रायव्हिंग अकादमी बुद्धवर झाली ती अशीच.

वर्षाचा बराच काळ हमखास सोय हवी असेल तर आखाती देश सोपे पडतात. दुबई ऑटोड्रोम २००४ पासून सुरू आहे, अबू धाबीचं यास मरिना सर्किट आजही फॉर्म्युला वनच्या कार्यक्रमात आहे आणि दोन्हीकडे पाहुण्यांना गाडी चालवायला मिळते. नोकरीनिमित्त तिकडे असलेला मुलगा आई-वडिलांना बोलावतो, तेव्हा वाळवंटातल्या सफरीऐवजी हाही बेत करता येईल. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं. आणि आंतरराष्ट्रीय परवाना मागितला तर तो निघतो आपल्याच आरटीओत, एमएच १० असो, ११ असो की कराडचं ५०. त्याची मुदत एक वर्षाची.

कुणाला काय द्यावं?

घेणारा अठराच्या आतला असेल तर सुपरकारचा विषयच नाही. त्याला कार्टिंगचं सत्र द्या, जमलं तर एकाऐवजी चार-पाच सत्रांचं. नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलीला किंवा मुलालाही हेच आधी द्यावं. गाडी घसरली की काय करायचं हे वेळेत शिकलेला हात पुढे हायवेवर उपयोगी पडतो. इथे खर्च कमी आणि लाभ सर्वांत जास्त.

तिशी-चाळिशीतल्या गाडीवेड्याला नाव हवंच असतं, त्यात गैर काही नाही. त्याला सुपरकार द्या, पण किमान सहा फेऱ्या आणि आधी वर्गातली अर्ध्या तासाची शिकवणी असलेली.

साठीच्या वडिलांचा विचार वेगळा. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेल्या प्रिया स्कूटरवर ज्यांनी संसार हाकला, त्या पिढीला इंजिनाचा आवाज कळतो. पण वळणात मान आणि कंबर यांच्यावर येणारा ताण त्यांना झेपेलच असं नाही. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. अशांसाठी व्यावसायिक चालकाशेजारी बसून मारायची एक वेगवान फेरी असते. स्टिअरिंग हाती नसतं, पण गाडीची खरी ताकद तिथेच दिसते, कारण तो चालक आपल्यापेक्षा कितीतरी उशिरा ब्रेक दाबतो.

आणि ज्याला गाडी लागते, त्याला ही भेट देऊ नका. त्याच्याऐवजी तुम्हीच खूश व्हाल.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

• चालवायला नेमक्या किती फेऱ्या? त्यात ओळखीची आणि थंड करण्याची फेरी धरली आहे का?
• प्रशिक्षक प्रत्येक फेरीला शेजारी असतो का? त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे का?
• गाडीला इजा झाली तर आपल्यावर किती रकमेपर्यंतचा बोजा? ठेव किती, परत कधी? आपला नेहमीचा मोटार विमा इथे उपयोगी नाही, शर्यत आणि वेगचाचणी त्यातून वगळलेली असते. स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्यांनी ही अट आधी वाचावी.
• पाऊस पडला तर दुसरी तारीख मिळते की पैसे परत? व्हाउचरची मुदत किती? दुसऱ्याच्या नावावर होतं का?
• उंची, वजन, वयाची अट काय? उंच आणि रुंद माणूस काही सुपरकारमध्ये हेल्मेटसह मावत नाही.
• शिकाऊ परवाना चालतो का? बहुतेक ठिकाणी नाही.
• व्हिडिओ किमतीत आहे की वेगळा?

जाणाऱ्याने पातळ तळव्याचे बूट घालावेत, पोटभर जेवून जाऊ नये आणि झेंडे आधी समजून घ्यावेत. पिवळा म्हणजे धोका, वेग कमी. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट द्या. लाल म्हणजे सत्र थांबलं.

देणाऱ्यानेही एक पथ्य पाळावं. भेट गुपित ठेवा, पण तारीख ठेवू नका. तारीख, लायसन्सची मुदत आणि तब्येत हे तिन्ही आधी जुळलं पाहिजे. बजेट कमी असेल तर गाडी लहान घ्या, फेऱ्या कमी करू नका. लॅम्बोर्गिनीसोबतचा फोटो दोन दिवस व्हॉट्सअॅपवर फिरेल. सरळ रेषेत ब्रेक दाबायची सवय मात्र पुढच्याच आठवड्यात खंबाटकीच्या उतारावर कामाला येईल, आणि तिचा फायदा शेजारी बसलेल्या तुम्हालाही मिळेल.